फोटोच्या जागी तुडतुडा

लेखन हा माझा प्रांत नव्हे. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली आणि वर्गातही मी बहुधा फळ्याकडे तोंड करूनच बोलत असे. अशा बाईने उतारवयात आठवणी लिहाव्यात आणि त्या कुणी वाचाव्यात अशी अपेक्षा धरावी, हा अगोचरपणा आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. परंतु मला एक पेच पडला आहे आणि तो घरच्यांपुढे मांडण्याचे धैर्य माझ्यात नाही.

निवृत्तीनंतर मी तुडतुडे गोळा करू लागले. तुडतुडा म्हणजे झाडाचा रस शोषणारा, जेमतेम तांदळाएवढा आणि बोट लावण्याआधी उडून जाणारा किडा. शेतकऱ्याची त्याच्याशी ओळख फवारणीपुरतीच. उजनीच्या पाण्याकाठी, एका केळीच्या बागेलगत माजलेल्या बेशरमीच्या झुडपांवर मला जो तुडतुडा सापडला, तो कुठल्याच ग्रंथातल्या वर्णनाशी जुळेना.

बागेचे मालक वयस्क होते. पदर खोचून, एका हातात जाळी घेऊन आणि किडे बाटलीत ओढण्याची रबरी नळी तोंडात धरून झुडपे झोडपणारी बाई दिसली, की रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबत. अशा वेळी ते काही न बोलता बांधावर येऊन बसत आणि कुणी विचारलेच तर सरकारी काम आहे असे सांगून वाटेला लावत. संकोचीपणात त्यांचा क्रमांक माझ्याही वरचा होता. लग्नात फोटोवाला दिसला की ते मांडवामागे जाऊन आचाऱ्यांशी बोलत उभे राहत, असे त्यांच्या पत्नी सांगत.

हा किडा जगात अजून कुणीच नोंदलेला नाही, असे मी त्यांना एकदा सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग बाई, त्याला अजून कळलंच नसंल की, त्यो हाय म्हणून."

या किड्यावरचा माझा शोधनिबंध छापून येण्याआधीच ते गेले. त्यांच्या नावाला लॅटिन शेपूट जोडून ते मी या नव्या जातीला दिले. त्यांच्या शांतपणाची आठवण कुठेतरी छापील राहावी, एवढाच माझा हेतू होता.

इथे एक शास्त्रीय बाब सांगणे भाग आहे. तुडतुड्यांच्या पुष्कळ जाती रंगावरून वा पंखांवरून खात्रीने ओळखता येत नाहीत; त्या ओळखतात नराच्या जननेंद्रियावरून. पोटाचे टोक क्षारात उकळून, स्वच्छ करून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढावे लागते. ते मी जीव ओतून काढले होते. दोन्ही अंगांना सारख्या वळणाच्या पाकळ्या, मधून वर निमुळता होत गेलेला दांडा आणि त्याच्या टोकाशी दोन नाजूक काटे. निबंधात तेवढेच एक देखणे चित्र होते.

छापील प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा वर्षश्राद्धाची तयारी चालली होती आणि त्यांचा मुलगा अडचणीत होता. फ्लेक्सवर लावायला वडिलांचा फोटोच नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून पाहिला, तर पाण्यावरच्या धुक्यात कुणी उभे असावे असे काहीतरी दिसे. वडिलांच्या नावाच्या किड्यावरचा माझा निबंध चाळता चाळता तो थांबला.

"ह्यो आख्खा किडा नगं, मॅडम. लोक म्हणतील, बापाच्या जागी तुडतुडा लावला. पर ह्ये झ्याक हाय की, कमळावानी. काय हाय ह्ये?"

त्याच्या आई शेजारीच वाती वळत होत्या. "यावरूनच त्याची ओळख पटते," एवढेच माझ्या तोंडून निघाले, आणि ते अक्षरशः खरे होते.

"म्हंजे आधार कार्डावरचा फोटोच की," असे म्हणून त्याने मोबाइलवर ते टिपून घेतले.

मला वाटले, कोपऱ्यात कुठेतरी ते लहानसे छापतील. श्राद्धाच्या दिवशी मी गावच्या वळणावर उतरले, तर कडुनिंबाएवढा फ्लेक्स उभा होता. खाली गॉगल लावलेल्या शोकाकुल तरुणांची रांग, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मधोमध फुलांच्या छापील चौकटीत, खऱ्या झेंडूचा हार घातलेले ते चित्र. कुठल्याही सूक्ष्मदर्शकाने दाखवले नसेल इतके मोठे. डावा काटा किंचित आखूड असतो, तोही बरोबर आला होता. अशा प्रसंगीही मला त्याचे समाधान वाटले, हे सांगायला हवे. माणसे चपला काढून पाया पडत होती. पंचक्रोशीतल्या एका पुढाऱ्यांनी भाषणात सांगितले की, जन्मभर लोकांच्या मागे उभ्या राहिलेल्या या माणसाचे खरे रूप आज जगापुढे आले आहे. टाळ्या झाल्या. मग मला पुढे बोलावले गेले आणि मीही फुले वाहिली.

त्यांच्या पत्नी माझा हात धरून म्हणाल्या, "कदी फोटू काढू दिला न्हाय ह्यांनी. आता कसं समोर बसल्यात."

त्यानंतर त्या रोज सकाळी फ्लेक्सपुढे उदबत्ती लावू लागल्या. पण फ्लेक्स तो फ्लेक्स. उन्हाने विटला, कडेने फाटला, आणि तसतशा त्याही कोमेजू लागल्या, असे मुलगा फोनवर सांगतो. म्हणून वडिलांच्या स्मरणार्थ बस थांब्यावर निवारा बांधायचे त्याने ठरवले आहे. दर्शनी भिंतीत काळा दगड बसेल आणि दगडावर ते चित्र. टेंभुर्णीचा पाथरवट ठरला आहे. बारीक काटे त्याला नीट दिसत नाहीत, म्हणून मी चित्र मोठे करून द्यावे.

ते मी काढले आहे. दोन्ही काट्यांसह, शाईने, पूर्वीपेक्षाही चांगले. टेबलावर गुंडाळी तयार आहे आणि सोमवारी तो न्यायला येणार आहे. सांगावे, तर त्या बाईंनी वर्षभर लावलेल्या उदबत्त्यांचे मी काय करून ठेवीन, हे मला पाहवणार नाही. न सांगावे, तर फोटोवाल्याला पाहून मांडवामागे जाणारा तो गृहस्थ एस.टी.च्या प्रत्येक उतारूसमोर या रूपात कायमचा उभा राहील. उतारूंत कधीतरी एखादा तुडतुड्यांचा अभ्यासकही असेल, आणि त्याला ते ओळखायला क्षणही लागणार नाही.

सोमवारच्या आत मी त्या मायलेकांना खरे सांगावे का?