बाईंचं शुद्धिपत्र

बिराजदारबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बर्फावर उभ्या होत्या.

हे वाक्य सोलापुरात म्हटलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. त्यातून महिना मे. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत सोबत यायचं, असे दिवस. मुलींच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून मला नुकतीच नेमणूक मिळाली होती आणि बहिणीच्या लग्नातल्या सरबतासाठी बर्फ सांगायला मी कारखान्यात गेलो होतो. आत पाहतो तर पन्नाशी ओलांडलेली एक बाई, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, इरकली लुगडं घोट्याच्या वर धरलेलं आणि अनवाणी पाय थेट बर्फाच्या लादीवर. दोन कामगार अदबीने बाजूला उभे. त्यातला एक मला हळूच म्हणाला, "बाई इतिहासाच्या हायत. डोक्यात लढाई चाललीय."

"तुम्ही आमच्या शाळेतले नवे मास्तर ना?" बाईंनी लादीवरूनच विचारलं. दात वाजत होते, पण आवाज वर्गातलाच. "बघा की, आधी बोटं दुखतात. मग ती आपली राहतच नाहीत. मग दुखणंही थांबतं. हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही."

बाई मुलांसाठी जॉर्ज वॉशिंग्टनचं चरित्र लिहीत होत्या. त्याच्या सैनिकांनी एक अख्खा हिवाळा बर्फात काढला, कित्येकांच्या पायांत धड जोडे नव्हते, हे प्रकरण अडलं होतं. बाईंनी उत्तरेला फार तर अहमदनगर पाहिलेलं. तेव्हा त्यांनी बर्फच गाठला. नंतर त्यांच्या पायांना सोलापुरी चादर गुंडाळून आम्ही टांग्यात बसवलं, तेव्हा त्यांनी मला त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य ऐकवलं. पुढे ते मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. "अंगाला लागल्याशिवाय अक्षराला लागत नाही, मास्तर."

आदल्या वर्षी त्यांचं फ्रँकलिनचं चरित्र निघालं होतं. तो माणूस मूळचा छापखान्यातला, म्हणून बाई आठवडाभर चनबसअण्णांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला बसल्या. चनबसअण्णा हे त्यांचे प्रकाशक. बुटके, गोरे, नाकात तपकीर आणि पोटात माया असलेले गृहस्थ. ते सांगायचे, "बाईंनी माझे खिळे असे कालवले, की पुढं कितीतरी लग्नपत्रिकांत नवरीच्या जागी नवरा निघाला." फ्रँकलिनसारखा विजेच्या वादळात किल्ली बांधलेला पतंग उडवायचाही बाईंचा विचार होता. त्यांच्या भावाने घरातल्या सगळ्या किल्ल्या लपवून ठेवल्या म्हणून आम्हाला पुढची पुस्तकं मिळाली.

"पण बाई, अमेरिकेतलीच माणसं का?" मी एकदा विचारलं.

"आपल्या थोरांवर लिहायला पुण्यात पुष्कळ लोक आहेत," बाई म्हणाल्या. "या बिचाऱ्यांचं सोलापुरात कोण आहे?"

त्या बिचाऱ्यांची चित्रं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वॉशिंग्टन मला बरा जमला. घोडा जमला नाही. मुखपृष्ठ पाहून चनबसअण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, थोर पुरुष म्हशीवर का बसलाय?" वेळ नव्हता, म्हणून म्हैस तशीच छापायला गेली.

बाईंची एक रीत होती. प्रकरण लिहून झालं की छापखान्यात जाण्याआधी ते सातवीच्या मुलींना वाचून दाखवायचं. "पोरींच्या कानाला टोचलं तर कागद फाडायचा," असं त्या म्हणत. जुलैतल्या एका रिकाम्या तासाला हे वाचन चाललं होतं. मी मागे बसून, भिंतीवरून उतरवलेल्या एका फळ्याच्या चौकटीला रंग देत होतो. वॉशिंग्टन लढाईसाठी आठ वर्षं घराबाहेर राहिला, हे बाईंनी असं काही वाचलं की माझा ब्रश चौकटीवरच थबकला. तेवढ्यात महानंदा उठली. ही मैंदर्गीकडची मुलगी. शिकण्यासाठी सोलापुरात मावशीकडे राहायची आणि सकाळी मावशीबरोबर मागासाठी सुताच्या कांड्या भरून मग शाळेत यायची.

"बाई, मग आठ वर्षं त्याचं शेत कोण बघत होतं?"

बाईंनी कागदावर बोट ठेवून वाचलं, "त्यांच्या मळ्यावर पुष्कळ नोकरचाकर होते."

"सालगडी काय? माझे अप्पा आहेत की सालगडी."

बाईंनी कागदावरचं बोट उचललं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. बोलू गेल्या की शिंका येत. "सालगडी नव्हे गं. गुलाम होते. विकत घेतलेली माणसं."

"त्यांची नावं काय?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "शोधते. या पुस्तकात नाव सापडलं नाही, तर मला भर वर्गात खोटारडी म्हण."

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्या बराच वेळ चहा ढवळत बसल्या. साखर कधीच विरघळली होती. "बर्फावर उभी राहिले, मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या, "पण शेताच्या बांधावर उभं राहायचं सुचलं नाही. आमच्या घरी मी लहान असताना एक सालगडी होता. मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. सकाळपासून त्याचं नाव आठवतेय. 'आमचा गडी' एवढंच आठवतंय."

मग बाई पेटल्या. मुंबईच्या एका ग्रंथालयातून पोस्टाने जाडजूड इंग्रजी चरित्रं येऊ लागली. बाई ती भाकरी थापतानाही समोर ठेवीत. काही पानांवर ज्वारीचं पीठ तसंच मुंबईला परत गेलं. आणि एक दिवस त्या माझ्या वर्गात शिरून, मुली फुलदाणी काढत असताना, फुलदाणीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सापडला. विल्यम ली." वॉशिंग्टनने विकत घेतलेला हा माणूस सगळ्या लढाईभर घोड्यावरून त्याच्यासोबत होता. मालकाने मृत्युपत्रात त्याला मोकळं करून टाकलं होतं. बाईंनी त्याच्यावर एक पान लिहिलं. साधं, सरळ, एकही अलंकार नसलेलं.

चनबसअण्णांनी ते वाचलं आणि तपकिरीची डबी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

"बाई, हे कशाला? शाळा ही पुस्तकं बक्षीस द्यायला घेतात. थोर माणसाच्या घरी माणसं विकत घेतलेली, असं बक्षिसात कोण देईल? पुढची पुस्तकं बंद पडतील बघा. त्यापेक्षा ती कुऱ्हाडीची गोष्ट घाला की, लहानपणी झाड तोडून खरं बोलल्याची. सगळे तीच विचारतात."

"त्या गोष्टीला पुरावा नाही. पुराव्याशिवाय माझ्या पुस्तकातलं झाड मी तोडू देणार नाही."

"मग खरी गोष्टही नको, खोटीही नको. फिटंफाट."

भांडण दोन्ही बाजूंनी इतकं गोड चाललं होतं की चहा दोनदा आला. पण अण्णा हलले नाहीत. पुस्तक त्या पानाशिवाय बांधलं गेलं. आणि त्याच सुमाराला, दिवाळीनंतर, महानंदाची जागा वर्गात रिकामी दिसू लागली. तिच्या अप्पांनी सालगड्याचं काम सोडून ऊसतोडीला गाडी जुंपली होती, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला श्रीपूरला नेलं होतं.

बाई सरळ छापखान्यात गेल्या. मी बरोबर होतो. "अण्णा, पोरीला शब्द दिलाय. ती वर्गात असती तर खोटारडी म्हणवून घेऊन मोकळी झाले असते. आता ती म्हणायलाही नाही."

अण्णांनी तपकिरीची चिमूट भरली. "पान वेगळं छापून देतो," ते म्हणाले. "पुस्तकात बांधणार नाही. तुम्ही त्याचं काय करता, ते मी बघितलेलं नाही." कागद म्हणून लग्नपत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद निघाला.

पानावर चित्र हवं होतं. पुढे वॉशिंग्टन, मागे विल्यम ली. म्हणजे आणखी एक घोडा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कधी घोड्यावर बसलात?" पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला आजही नीट बसवत नाही. टांगा सोडलेला एक घोडा, मैदान भरून बघे, आणि कडेला उभ्या राहून ओरडणाऱ्या बाई: "मानेकडे बघा, मास्तर, जमिनीकडे नको." दोन दिवस मी उभ्यानेच छपाईसाठी लिनोलियमचा ठसा कोरला. पुढचा घोडा मुखपृष्ठावरचाच ठेवावा लागला, नाहीतर पोरींना वाटलं असतं मालकाने वाटेत घोडा बदलला. मागचा मात्र मी अंगाला लागलेला काढला.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी आमची स्वारी निघे. पिशवीत गुलाबी पानं, कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि डब्यात खळ. सुताला लावायची खळ बाई मागवाल्यांकडून आणीत आणि कसर लागू नये म्हणून तीत विषारी मोरचूद घालीत. चटणीचा डबा आणि खळीचा डबा सारखेच होते. त्यावरून एकदा अनर्थ होता होता राहिला. जिथे जिथे पुस्तक गेलं होतं, त्या शाळेत जायचं, ग्रंथालयाचं कपाट उघडायला लावायचं, आणि पान चिकटवायचं. करमाळ्याच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला रंगेहाथ पकडलं.

"हे काय चाललंय?"

"शुद्धिपत्र लावतेय, सर," बाई खळीचा हात वर करून म्हणाल्या. "पुस्तकात एक माणूस राहून गेलाय."

सरांनी पान वाचलं, आमच्याकडे पाहिलं, आणि शिपायाला सांगितलं, "यांना टेबल दे. जमिनीवर बसून कमरेला लागेल."

श्रीपूरला आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. साखर कारखान्याच्या बाजूला ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या, गाड्या सोडलेल्या, बैल उसाचं वाढं खात उभे. महानंदा चुलीपुढे बसली होती. बाईंना पाहून ती उठली, पण कडेवर भाऊ होता, त्यामुळे नमस्कार अर्धाच झाला. बाईंनी पुस्तक पुढे केलं. तिने ते उघडलं, गुलाबी पान लगेच सापडलं. ओठ हलले, बोट फिरलं.

"विल्यम ली," ती म्हणाली. "बाई, आहे की नाव."

तिने ते पान मोठ्याने वाचलं. तिचे अप्पा बैलांना पाणी दाखवून आले होते, ते उभ्यानेच ऐकत राहिले.

"ह्ये खरं का कथा, बाई?"

"खरं आहे."

"म्हंजी मालक मेल्यावर सुटला त्यो."

"हो. मालकाने तसं लिहून ठेवलं होतं."

"जितेपणी सुचलं न्हाय म्हना की."

 बोलायला पुस्तकभर शब्द होते बाईंकडे. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

"शिवाप्पा."

"शिवाप्पा," बाईंनी म्हणून पाहिलं, पाठ करावं तसं.

शिवाप्पांनी मग पुस्तक हातात घेतलं, चुलीच्या उजेडात धरलं, आणि जन्मभर जनावरं पारखलेल्या डोळ्यांनी माझ्या चित्राकडे पाहिलं.

"म्होरल्याचा घोडा बिघडलाय," ते म्हणाले. "पाय वाकडं हायत. मागच्याचा बरा हाय."

बाई त्यावर इतक्या हसल्या की महानंदाचा भाऊ घाबरून रडायला लागला. एस.टी.त परततानाही त्या मधेच हसायच्या आणि माझ्या दंडाला चिमटा काढायच्या. "मागच्याचा बरा हाय, मास्तर. ऐकलं ना?"

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. चनबसअण्णांनी पुढच्या आवृत्तीत ते पान मुकाट्याने आत बांधलं, पांढऱ्या कागदावर. कपाटात माझ्याकडे आहे ते मात्र गुलाबीच आहे. मी अजून चित्रं काढतो. पुढचा माणूस सगळ्यांना दिसतोच, म्हणून कागद समोर आला की आधी मागच्याला काढतो.