कोंबडीभोवतीची शिलाई

बायको न्हाणीघरात घसरली, तिचा उजवा हात मनगटात मोडला आणि शिलाई मशीनवर बसायची पाळी माझ्यावर आली. हात मोडल्यावर माणूस काय विचारेल? डॉक्टर, किती दिवस लागतील? भांड्याला बाई लावू का? आमची ही प्लास्टर वाळायच्या आधी म्हणाली, "आवं, गोधडीचं काय?"

गोधडी नातवंडाची होती. सुनेचं पहिलं बाळंतपण, त्यामुळे ती सांगलीला माहेरी गेलेली. डोहाळजेवणाच्या दिवशी बायकोनं तिथं विहीणबाईंच्या घरभर सांगून ठेवलं होतं की बारशाला गोधडी माझ्या हातची असेल, विकतची न्हाई. विहीणबाईंचं घर म्हणजे शिवणकामात मुरलेल्या बायकांचं घर. तिथं असलं बोलून येणं म्हणजे स्वतःहून परीक्षेचा फॉर्म भरणं. पण हिला भीती कसली? आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत शिवणाच्या बाबतीत हिचा शब्द शेवटचा. दुसऱ्या कुणी शिवलेला ब्लाउज दिसला की ही आधी काखेची शिलाई बघते आणि मग ब्लाउज घातलेल्या बाईशी बोलते.

निम्मं काम तिनं करून ठेवलं होतं. फिकट पिवळ्या कापडावर एक कोंबडी आणि तिची पाच पिल्लं. प्रत्येक वेगळ्या कापडाची कातरून, इस्त्रीनं चिकटवलेली. याला अ‍ॅप्लिक म्हणतात, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. खाली कापसाचा पातळ थर, त्याखाली अस्तर. आता फक्त प्रत्येक आकाराच्या कडेनं शिलाई मारायची आणि मधली जागा वेलबुट्टीनं भरायची होती. "फक्त" हा शब्द तिचा.

"टेलरकडं देऊ की," मी म्हणालो.

"आन् बारशात काय सांगू? माझ्या हातची हाय म्हणून?"

"मग माझ्या हातची कशी चालती गं?"

"तुमचा हात माझ्याच घरातला हाय."

मी एकच अट घातली की हे कुणाला कळता कामा नये. सकाळी फिरायला जाणारा आमचा कंपू सगळा निवृत्त फौजींचा. त्यांना कळलं असतं तर नातवाच्या आधी माझंच बारसं आमच्या फिरायच्या वाटेवर, चार भिंतींच्या टेकडीच्या चढावर झालं असतं. ती म्हणाली, "न्हाई सांगत कुणाला. बसा आता."

मला वाटलं होतं, मशीन ते मशीन. फौजेत मी आयुष्यभर गाड्या खोलल्या, जोडल्या आणि चालवल्या. आधी मी मशीन खोललं, त्यातला धाग्यांचा भुसा काढला, तेल दिलं, दोऱ्याचं टेन्शन लावलं. बायको खुर्चीवर प्लास्टर मांडीवर ठेवून बघत होती. मग तिनं सुईखाली कापड दाबणारा नेहमीचा फूट काढून गोल फूट लावायला सांगितला आणि मशीनचे दाते खाली पाडायला लावले. साध्या शिलाईत हे दाते कापड पुढे ओढतात. ते पाडले की कापड कुणी ओढत नाही. पुढं, मागं, आडवं, गोल, जे काय ते आपल्या दोन हातांनी फिरवायचं आणि सुई जागेवर वरखाली नाचत राहणार.

सरावाला तिनं जुनी चादर दिली. पहिल्या दिवशी त्या चादरीवर जे उमटलं ते मराठी नव्हतं, कानडी नव्हतं, जगातल्या कुठल्याच लिपीतलं नव्हतं. खालच्या बाजूला दोऱ्याची घरटी झाली. दोन सुया मोडल्या. मी म्हणालो, मशीनमध्ये दोष हाय. ती म्हणाली, "मशीन बरं हाय. ड्रायवर बदलायचा झालाय."

खरी भांडणं वळणावर व्हायची. सरळ रेघ मी चार दिवसांत काढायला लागलो. पण कोंबडीला सरळ रेघ आहे कुठं? तुरा, चोच, शेपटी, सगळी वळणंच. आणि वळण आलं की माझा पाय पेडलवरून आपोआप उचलला जायचा. चाळीस वर्षं वळणावर गाडी हळू केली म्हणून तर जिवंत आहे! पसरणीच्या घाटात मी लोकांचे जीव वाचवलेत! पण या शिलाईचा कायदा उलटा. मशीन पळतं ठेवायचं आणि हात सावकाश न्यायचे. पाय उचलला की टाके लांबतात, आणि हात घाईनं फिरला की खालून दोऱ्याचे फास निघतात.

"पाय उचलू नगा," ती म्हणायची.

"वळण हाय."

"वळण हाताला हाय. पायाला न्हाई."

हे वाक्य तिनं दिवसातून किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. म्हणताना ती प्लास्टर टेबलावर आपटायची. त्या दणक्यानं माझा हात हलायचा आणि पिल्लाच्या पायाऐवजी भलतीकडंच शिलाई जायची. मग ती परत आपटायची.

एक दिवस माझं टाळकं फिरलं. मी चादर भिरकावली, म्हणालो, "लय झालं. तूच शिव," आणि फाटक आपटून बाहेर पडलो. कोपऱ्यावर चहा प्यालो आणि परत आलो, कारण चष्मा मशीनवर राहिला होता. बघतो तर ही मशीनवर. डाव्या हातानं कापड धरायला बघत होती. उजव्या हाताची बोटं प्लास्टरातून बाहेर आलेली, कापडावर टेकवली की चेहरा वाकडा व्हायचा. इंचभर शिलाई मारली आणि थांबली. मला बघून डोळे पुसले.

"आवं, मी तिथं सगळ्यांदेखत बोललेय," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात बायको माझ्यासमोर कशाला घाबरलेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती घाबरली होती. मला माझ्या फाटक आपटण्याची लाज वाटली. खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "सांग, कुठनं सुरू करू?"

त्यानंतर मी खरोखर मनावर घेतलं. दोन चादरी आणि उशीचे चार अभ्रे माझ्या सरावात कामी आले. पिल्लांचं पोट जमायला लागलं. चोच जमत नव्हती, तुरा तर अजिबात नाही. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर जमलंही असतं. पण नातू आठ दिवस आधीच आला. बाराव्या दिवशी बारसं. सराव संपला, खरी गोधडी मशीनखाली गेली.

काय झालं ते सांगतो. पाचातली तीन पिल्लं ठीक झाली. चौथ्याची चोच शिलाईच्या बाहेर राहिली. पाचवं कशामुळं कुणास ठाऊक, लंगडं दिसायला लागलं. कोंबडीच्या तुऱ्यावर मी वळणाला पाय उचललाच, आणि चार टाके एवढे लांब पडले की त्यात बोट अडकलं असतं. अस्तराकडून फास. उसवायला वेळ नव्हता. बायकोनं गोधडी मांडीवर घेतली, एकदा पुढून बघितली, एकदा मागून. मी शिव्या खायच्या तयारीत उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "भरा पिशवीत."

सांगलीला हॉल बायकांनी भरलेला. पाळण्यात नातू, त्याचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. मग गोधडी निघाली आणि या मांडीवरून त्या मांडीवर फिरायला लागली. विहीणबाईंच्या थोरल्या जाऊबाईंनी ती हातात घेतल्या घेतल्या उलटी केली. जाणकार बाई आधी मागची बाजू बघते. त्यांनी एका फासात करंगळी घातली.

"ही तुमच्या हातची वाकळ?" त्यांनी विचारलं.

मी दाराशी घुगऱ्यांची ताटली घेऊन उभा होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. प्लास्टरचा हात उचलून दाखवला आणि म्हणाली, "व्हय, माझीच. हात हा असा, त्यामुळं वाकडी गेलीया."

दुसऱ्याच्या ब्लाउजची काख बघून नाक मुरडणारी बाई ती. तिनं माझे फास आपल्या नावावर घेतले. तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता. मी ताटलीकडं बघत राहिलो.

परतीच्या एसटीत कऱ्हाड आलं. मग मीच म्हणालो, "खोटं कशाला बोललीस?"

"तुमीच म्हणाला हुता, कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून झोपली.

पुढचे चार दिवस मी सगळ्यांवर चिडलो. त्या जाऊबाईंवर, मशीनवर, कोंबडीवर, दूधवाल्यावर. फिरायला गेलो तर तिथंही एकाशी वाजलं. पाचव्या दिवशी बायको प्लास्टर काढायच्या तारखेचं विचारायला दवाखान्यात गेली, तेव्हा मी सांगलीला फोन लावला. फोन विहीणबाईंनीच उचलला. बाळ कसं आहे, बाळंतीण कशी आहे, सगळं विचारून झालं. मग मी घसा खाकरला.

"विहीणबाई, एक सांगायचं हाय. त्या गोधडीची शिलाई हिची न्हाई. माझी हाय. हिचा हात असा वाकडा न्हाई पडत. तेवढं जाऊबाईंना पण सांगा."

पलीकडून हसू आलं.

"पाव्हणं, ते आमाला तवाच कळलं. मनगट मोडलेली बाई कापडाला येवढं हिसकं कशी दील? ते बाप्याच्या हाताचं काम."

मी चाट पडलो. "मग तवाच बोलला का न्हाई?"

"आमी काय बोलायचं?" विहीणबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "ती तुमच्यासाठी खोटं बोलली, तवा हॉलातल्या सगळ्या बायका तुमच्याकडं बघत हुत्या. तुमी घुगऱ्या निवडत हुता."