कोचच्या खुर्चीवर जळबाकाका

साखऱ्याच्या पोरांचा कबड्डी संघ शीतल तयार करते, हे आमच्या गावच्या मंडळाला अजून नीट पचलेलं नाही. रत्नपालमामांची ही लेक विद्यापीठाकडून खेळून आली, आणि गावात पुरुष कोच काही मिळेना. म्हणून मंडळाचे अध्यक्ष लालसिंगभाऊंनी मोठ्या मनानं पोरं तिच्या हवाली केली. "या स्पर्धेपुरतं बरं का. हारलात तं वसमतचा माणूस आणू." भाऊंचं मन मोठं असतं, पण मुदतीचं असतं.

शेजारीण म्हणून डबे घेऊन मीही स्पर्धेसाठी औंढ्याला निघाले, जळबाकाकांच्या टेम्पोत. या टेम्पोचे दोन्ही आरसे फुटलेले. गाडी मागं घ्यायची तर काका खिडकीतून मान बाहेर काढतात आणि शीतल मागं उभी राहून हातानं सांगते: येऊ द्या, डावीकडं, बस. रोज पोरांना मैदानावर सोडताना हेच चालतं. तिचा हात वर गेला की काकांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

औंढ्यात टेम्पोतून आधी काका उतरले. संयोजकांनी त्यांनाच धरलं आणि कोचचा मानाचा फेटा बांधून टाकला.

"कोच मी आहे," शीतल म्हणाली.

"ताई, पोरांची टीम आहे ना?" हसत हसत त्यांनी तिला महिलांचा मांडव दाखवला.

बांधलेला मानाचा फेटा लगेच उतरवणं म्हणजे बांधणाऱ्याचा अपमान, आणि फेटा ज्याच्या डोक्यावर, खुर्चीही त्याचीच. लालसिंगभाऊ शेजारीच होते. "बसू द्या जळबाला. बाईला फेटा कसा बांधावा?" शीतलचं तोंड एवढंसं झालं. पण सामना पुकारला होता. वाद घालावा तर पोरं बाद व्हायची, म्हणून ती मांडवात जाऊन बसली.

काका खुर्चीवर नवरदेवासारखे अवघडून बसले. समोरच्या संघाचा एक उंच गडी प्रत्येक चढाईत आमच्या उजव्या कोपऱ्यातून गुण नेत होता. मांडवातून शीतलला ते दिसत होतं, आत खेळणाऱ्या पोरांना नाही. शेवटी बरोबरी झाली, वेळ संपत आली. "टाईम आऊट!" शीतल ओरडली. पंचांनी ढुंकूनही पाहिलं नाही. या स्पर्धेत टाईम आऊट कोचनंच मागायचा, आणि आमचे कोच शेंगा फोडण्यात दंग होते.

ती उठून काकांच्या बरोबर समोर, मांडवाच्या दोरीपाशी गेली आणि टेम्पोला दाखवते तसा हात वर केला. बस!

काकांचा पाय खुर्चीखाली दाणकन आपटला, हात वर गेला आणि तोंडातून "थांबा!" निघालं. पंचांनी फेटा पाहिला आणि शिट्टी मारली. पोरं पळत सुटली ती थेट मांडवाकडं. "अरे, तुमचे कोच तिकडं बसलेत!" पंच ओरडत राहिले. शीतलनं ओमप्रकाशला उजव्या कोपऱ्यात घातलं. पुढच्याच चढाईत त्या उंच गड्याचा घोटा ओमप्रकाशच्या हातात आला, आणि त्या एका गुणानं आम्ही जिंकलो.

लालसिंगभाऊंनी धावत जाऊन मिठी मारली. काकांना! "जळबा, तुहा पायगुण लई चांगला. पुढच्या सालीबी खुर्चीवर तूच बस."

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत काकांनी फेटा सोडला आणि शीतलच्या हातात दिला.

"मी डायवर माणूस, भाऊ. ही हात दाखवती म्हणून माही गाडी बराबर लागती. आज तुमची बी लागली."

"अरे, पण बाईला फेटा बांधंल कोण?"

"काहून?" शीतल म्हणाली. "जयंतीच्या मिरवणुकीत अर्ध्या गावाला फेटे मीच बांधून देते. मागच्या साली तुमालाबी मीच बांधला व्हता, भाऊ."

भाऊंचा हात आपसूक डोक्याकडं गेला. "व्हय की," ते पुटपुटले. "वसमतच्या माणसाला न्हाई म्हणून कळवतो."

शीतलनं तिथंच स्वतःच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. बघायला आरसा नव्हता. मग जळबाकाका तिच्या समोर उभे राहिले आणि हातानं सांगू लागले: डावीकडं, अजून थोडं, बस. मला रडूच आलं.