धरलं की सोडायचं

"दम हाये ना अजून? मंग कायले भेता?"

हे त्याचं वाक्य. ते म्हणताना तो उजवा हात मातीला लावायचा, तोच कपाळाला लावायचा आणि मांडीवर एक थाप मारायचा. रुईची गाठ उचलायची असो की साहेबासमोर उभं राहायचं असो, हे केल्याशिवाय पाऊल पुढे पडायचं नाही. मूळ रीत हुतुतूची. त्यानं ती सगळीकडेच लागू करून टाकली होती.

तो वलगावचा माळी. घरी वांग्या-मिरचीची वाडी. हुतुतूत त्याला अडवून ठेवील असा गडी वलगावपासून दर्यापूरपर्यंत नव्हता. चौघांनी धरला तरी तोंडातलं 'हुतुतू' न तोडता तो त्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत यायचा. रेषेला हात लागला की तो सुटला, धरणारे सगळे बाद. तुमच्याही गावात असा एखादा असेल, पण आमच्याकडचा खरा, असं मी आजही म्हणेन.

मी अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झालेला, आमच्या घराण्यातला पहिला. हे मी सांगतोच, लपवत नाही. अकोल्याच्या एका कापूस-प्रेसमध्ये मला क्लार्कची नोकरी लागली आणि त्याच हंगामात तो तिथे गाठी उचलायला आला.

प्रेसचे इंजिनियर साहेब आयर्लंडचे. माणूस भला, पण त्यांना एक दुःख होतं. अकोल्यात रग्बी नव्हती. रेल्वेतले गोरे, पोलिसातले सार्जंट, मिशनचा डॉक्टर असे गोळा करून त्यांनी संघ उभा केला, तरी पंधरा भरेनात. शेवटी ते आमच्या हमालांकडे वळले. दुभाषा मी.

साहेबांनी पिशवीतून चेंडू काढला. लांबट, तपकिरी, कातड्याचा. हमाल हसायला लागले.

"भोपळा हाये का हा, बाबूजी?" एकानं मला विचारलं.

आमच्या या वलगावच्या गड्यानं चेंडू हातात घेतला, उलटासुलटा केला, दाबून पाहिला. "नाई बे. वांगं हाये. आमच्या वाडीत असं निघालं असतं तं बापानं बियासाठी राखलं असतं."

मग मी नियम सांगितले. चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही. घेऊन पळायचं आणि पलीकडच्या रेषेपार जमिनीला टेकवायचा.

"आन् कोनं धरून खाली पाडलं तं?"

"लगेच चेंडू सोडून द्यायचा."

"काहून?"

मी साहेबांना विचारलं. साहेबांनी तोंडातला पाइप काढला, विचार केला आणि म्हणाले, म्हणजे बाकीच्यांना खेळता येतं.

"बाकीच्यायले खेळाचं होतं तं मले धरलं कायले?" तो म्हणाला. याचं भाषांतर मी केलं नाही.

धरण्यात मात्र त्याला शिकवण्यासारखं काही नव्हतं. गोरे खांद्यानं धडक द्यायचे. हा वाकून घोटा पकडायचा. पहिल्याच संध्याकाळी रेल्वेचा एक ड्रायव्हर, माणूस की मालडबा असा, पळत आला आणि याच्यापाशी असा आडवा झाला की धूळ बसेपर्यंत दिसला नाही. साहेब टाळ्या वाजवत उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी याला बूट दिले. यानं ते नाड्या एकमेकांना बांधून गळ्यात अडकवले. "बुटात जमीन समजत नाई, बाबूजी." खेळताना ते मैदानाच्या कडेला झाडावर लटकत.

त्याला हा खेळ का लागला, हे मला नीट कळलं नाही. पण लागला. पावसाळ्यात साहेब संघ घेऊन मुंबईला सामने खेळायला जाणार होते. त्यात आपलं नाव यावं, यापलीकडे त्याला काही सुचेना. गाठी उचलतानाही मला विचारायचा, "साहेब काही बोलले का?"

एकदा त्याचा बाप आला. डोक्यावर वांग्याची पाटी, पायात वहाणा. मैदानावर दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी खाली घालून एकमेकांना ढकलत होते आणि त्या ढिगातून मुलाचे दोन अनवाणी पाय तेवढे दिसत होते.

"याले मारून राहिले का हे सारे?"

"नाही काका. खेळ आहे."

म्हाताऱ्यानं पाटी उतरवली आणि शेवटपर्यंत पाहिलं. मुलगा आल्यावर म्हणाला, "मुंबईले जानाऱ्यात तुझं नाव आलं तं मी काही म्हनत नाई. नाई आलं तं वाडी पाहाले ये. माह्यानं आता मोट होत नाई."

होळीच्या आधी कामठीच्या पलटणीचा संघ अकोल्याला आला. साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, मुंबईची निवड या खेळावरून. मी त्याला सांगितलं. त्यानं माती कपाळाला लावली.

सगळी प्रेस मैदानाभोवती. शेवटची काही मिनिटं उरली आणि आपण थोडक्यात मागे. चेंडू याच्या हातात पडला. तो कडेकडेनं सुटला, दोघांना चुकवलं, तिसऱ्याला झटकलं आणि रेषेपासून दोन-तीन हातांवर दोन सोजिरांनी त्याला पाठीवरून पाडलं.

आता चेंडू सोडायचा. मागून आपला ड्रायव्हर येतच होता. नुसता उचलला असता तरी काम झालं असतं.

मी कडेला होतो, म्हणून मला ऐकू आलं. हा 'हुतुतू हुतुतू' म्हणत होता. चेंडू पोटाखाली, दोन सोजीर पाठीवर, आणि हा कोपरांवर सरकतोय. पंच शिट्टी वाजवतोय. यानं उजवा हात लांब केला, रिकामा हात, आणि पंजा रेषेवर आपटला.

"लागला! हात लागला!"

आणि काय सांगू, सगळी प्रेस उसळली. हमाल, गाडीवाले, सरकी निवडणाऱ्या बाया, सगळे नाचायला लागले. गडी सुटला, दोन गोरे बाद! गोरे मात्र कमरेवर हात ठेवून उभे होते. चेंडू अजून याच्या पोटाखालीच होता.

आपण हरलो.

संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. "साहेबाले इचारा बाबूजी. हात तं लागला होता ना?"

मी विचारलं. साहेबांनी पाइप झटकून रिकामा केला. मग म्हणाले, "सांग त्याला, लागला होता. आणि हेही सांग, पावसापर्यंत सोडायला शिकला तर नेईन. नाहीतर नाही."

हंगाम संपला, पण साहेबांनी त्याला आवारात कामाला ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी तो चेंडू घेऊन पळे आणि मी मागून कमरेला मिठी मारून त्याला पाडे. हेड क्लार्क व्हरांड्यातून ओरडले, "याच्यासाठी बी.ए. झालात होय?" मी म्हटलं, होय.

तो काही सोडेना. पडला की हुतुतू सुरू, आणि हुतुतू तोंडात असेपर्यंत बोटं उघडत नसत. आठवडे गेले. एके दिवशी दोघंही धुळीत बसलो असताना मी म्हटलं, "लेका, बाजारात वांगी कशी विकतोस?"

"कशी म्हंजे? 'घ्या वांगे, घ्या ताजे!'"

"आणि बाईनं हात पुढे केला की?"

"देतो."

"मग तेच म्हणत पळ."

त्यानं चेंडू काखेत मारला. उठला, माती कपाळाला लावली, मांडीवर थाप मारली आणि "घ्या वांगे, घ्या ताजे!" ओरडत सुटला. मी पाडला. चेंडू हातातून असा सुटला, जसा गिऱ्हाइकाच्या पदरात पडावा.

साहेबांनी त्याला मुंबईला नेलं. तिथल्या चिखलात तो अनवाणी, वांगी विकत गोऱ्यांमधून पळाला. एका सामन्यात रेषेजवळ पडला, चेंडू सोडला आणि ड्रायव्हरनं तो पलीकडे टेकवला. परत आल्यावर मला हे सांगताना साहेब उभे राहिले होते. मुंबईतल्याच एका रेल्वे वर्कशॉपनं त्याला काम देऊ केलं, संघात खेळायच्या बोलीवर. त्यानं होय म्हटलं नाही. पोळ्याला घरी येऊन बापाला विचारतो, म्हणाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वलगावात हुतुतू. मीही गेलो होतो. तो पलीकडे शिरला, दोघांना शिवलं, परतताना तिसऱ्यानं कंबर धरली. तो पडला. रेषा हातभर लांब. आणि त्याचा दम तिथेच तुटला. दोन्ही पंजे उघडे, मातीवर पालथे.

गाव वाकून पाहू लागलं. मग कोणीतरी म्हणालं, "अरे, धरल्याबरोबर सोडलं यानं!" आणि हशा पिकला. तोही हसला, पण उठायला त्याला वेळ लागला.

बाप कडुलिंबाखाली बसला होता. त्यानं मुलाला जवळ बोलावलं, अंगावरची माती झटकली. "जा बापा मुंबईले. तू तिकडचा झाला आता. मोटेवर मी गडी ठेवतो."

तो गेला. पुढे दोन पोळ्यांना आला, मग नाही आला. साहेब मायदेशी परतले, अकोल्याचा संघ मोडला. जाताना साहेबांनी तो जुना चेंडू मला दिला, आणि तो माझ्याकडे ठेवण्यात काही अर्थ नव्हता म्हणून मी वलगावला नेऊन पोचवला.

परवा त्या बाजूला काम निघालं, तेव्हा वाडीवर डोकावलो. म्हातारा बसलेलाच होता. खोपीच्या आढ्याला बियाण्याची पिवळी पडलेली वांगी टांगलेली होती, आणि त्यांच्या रांगेत, सुतळीनं बांधलेला, हवा गेलेला तो चेंडू.

"काही खबर, काका?"

"खेळून राहिला म्हनतात," म्हातारा म्हणाला आणि उठून त्यानं वर पाहत सुतळीची गाठ हातानं चाचपून पाहिली.