ताईनं पुढे केलेलं ताट

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिबवेवाडीच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत होतो. फोन ठेवला आणि मेथी घेऊनच घरी आलो. त्याचीसुद्धा आता लाज वाटते.

सुलभाताई माझी थोरली बहीण. शाळेत शिक्षिका, बोलणं फटकळ. चर्चमध्ये आम्ही शेजारी बसायचो. महिन्यातल्या प्रभुभोजनाच्या रविवारी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात यायचं. ताई स्वतः काही न घेता ते माझ्यापुढे धरायची. आई वारल्यापासून हे असंच चाललं होतं. आईला मांजरी गावाजवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. 'घरी न्या रे' म्हणत ती तिथेच संपली. नातेवाइकांनी बोल लावला तो एकट्या ताईला, कारण आई आधी तिच्याकडे राहायची. मी गप्प बसलो... आणि दर महिन्याला निवांतपणे तुकडा खात राहिलो. अपात्र माणसानं ती भाकर खाल्ली तर तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे ताईनं मात्र मनाला लावून घेतलं होतं.

शेवटच्या आजारात तिला न्यायाच्या दिवसाची, मेल्यावर देवापुढे जाब द्यायची, धास्ती बसली. "आईचं विचारलं तर काय सांगू रे?" म्हणायची. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उशाशी असायचं आणि त्यातला शेवटच्या भोजनाचा प्रसंग ती पुन्हा पुन्हा वाचायची. एका दुपारी चष्मा काढून म्हणाली, "अरे, प्रभूनं तुकडा यहूदालाही दिला होता. दगा देणार हे ठाऊक असून, स्वतःच्या हातानं. इतकी वर्षं मी यहूदाकडेच बघत वाचलं. आज देणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं. माझा न्याय करणार तो हाच हात ना?... मग करू दे." त्यानंतर ती घाबरलेली मला दिसली नाही.

चर्चचे पाळकसाहेब घरी प्रभुभोजनाची भाकर घेऊन आले. "सुलभाबाई, आपण घेणार ना?" त्यांनी चाचरत विचारलं.

"तीन जिने चढून आलात, आता परत पाठवू का?" ताई म्हणाली. तुकडा घेऊन तिनं मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. "घे. आईला सोडायला तूही होतास की."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते अजून टोचतं. दोघांनीही खाल्लं, पण 'हो, होतो' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

गेल्या रविवारी ताट माझ्यापुढे धरायला कुणी नव्हतं. मी तुकडा उचलला, मोडला आणि नकळत अर्धा उजवीकडे केला. बाकावरची तिची जागा रिकामी होती.

"होतो गं ताई," मी पुटपुटलो. मग दोन्ही अर्धे मीच खाल्ले.