हलवून ठेवलेला डबा

फोन आला तेव्हा मी तुळजापूरच्या स्टँडवर अणदूरच्या गाडीची वाट बघत होते. पिशवीत सुमनमावशीनंच मागवलेले शेंगदाणे होते, बारके, लाल सालीचे. "आई गेली," एवढंच तिचा लेक बोलला... आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. गाडी येईना. बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं.

तशी ही चुळबुळ माझ्या आईच्या माहेरचीच. मावशीचंही बूड कधी एका जागी टेकलं नाही. तिच्या मसाला दाण्यांना ते मानवायचं. दाणे खरपूस भाजून साखरेच्या पाकात टाकायचे, तिखट, मीठ, सुंठ घालायची आणि हलवत राहायचं. मध्येच पाक वाळूसारखा कोरडा होतो. पहिल्यांदा करताना मी तिथंच उलथनं टाकलं आणि सगळं बिघडलं म्हणाले. तिनं ते उचलून माझ्या हातात परत दिलं. "बिघडलं न्हाय, आत्ता कुठं जमायलंय. हात थांबवू नगंस." खरंच, मंद आचेवर साखर पुन्हा सुटली आणि दाण्यादाण्याला चिकटली. तिखटाचं माप मात्र तिनं कधी सांगितलं नाही. झालेले दाणे स्टीलच्या डब्यात जायचे आणि मावशी येता-जाता तो डबा खडखडा हलवायची, दाणे एकमेकांना धरू नयेत म्हणून. मावशीचे यजमान, आमचे काका, वैतागायचे. "ठिव की त्येला खाली," म्हणायचे आणि तेवढ्यात मूठभर काढून घ्यायचे.

तेरावं उरकल्यावर परवा पुन्हा अणदूरला गेले. डबा फळीवर तसाच, अर्धा भरलेला. काका कुणाला हात लावू देत नव्हते, स्वतःही खात नव्हते. जेवण नावालाच. "दाणे मऊ पडायलेत, पण सांगायचं कुणी?" सून हळूच म्हणाली. मला राहवेना. त्या दिवसापासून पिशवीतच राहिलेले शेंगदाणे घेऊन गॅसपाशी उभी राहिले. पाक कोरडा पडला, जीव घाबरा झाला, पण हात थांबवला नाही.

ताटली काकांपुढं ठेवली. त्यांनी एक दाणा चावला. "तिखट कमी हाय." मला रागच आला. इतकी धडपड करून ऐकायचं काय, तर हे. मग ते उठले, फळीवरचा डबा काढला आणि माझे सगळे दाणे मावशीच्या दाण्यांवर ओतले.

"काका, अहो..." तिच्या हातचे शेवटचे होते ते.

काका डब्यात न बघता एकेक दाणा उचलून चावू लागले. "ह्यो तुजा," म्हणाले. थोड्या वेळानं, "ह्योबी तुजाच." मग एक दाणा तोंडात गेला आणि त्यांचं चावणं थांबलं. बराच वेळ तो तसाच गालात धरून बसले...

शेवटी झाकण लावून डबा माझ्याकडं दिला. "हलवून ठिव. न्हाईतर एकमेकाला धरत्यात."

मी हलवला. कितीतरी वेळ हलवतच राहिले. काका वैतागले नाहीत.