साडीवरचा शर्ट

आमच्या भागातल्या एका लहानशा कला महाविद्यालयात मी फॅशन डिझाइन शिकवते. हे सांगितलं की गावाकडं हमखास ऐकू येतं, "जुन्नरात कसली फॅशन, राव?" त्याचा मला राग येत नाही. ज्याचा येतो, ते सांगते.

शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलीनं स्वतः एक पोशाख करायचा असतो. बाहेरून परीक्षक येऊन तो बघतात आणि पास-नापास ठरवतात. डिंभ्याकडच्या एका मुलीनं शर्ट केला होता. आमच्याकडं टोमॅटो तोडायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट चढवतात. त्याचे खांदे दंडावर उतरतात, दुमडलेल्या बाह्या कोपरापाशी गोळा होतात, खोचलेल्या पदरावर तो फुगतो आणि वाकलं की खिशातला मोबाईल सरीत पडतो. पिंपळवंडीत माझी आई असाच शर्ट घालून मजुरीला गेली म्हणून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. पण बाईच्या अंगासाठी तो वेगळा कापता येईल, हे मला कधी सुचलं नव्हतं. या मुलीला सुचलं.

तिनं बाही जोडतात तो मुंढा बाईच्या खांद्याला बसेल असा कापला. पदर खोचतात त्या बाजूला चीर ठेवली, खिशावर बटणाची पट्टी दिली, मानेला ऊन लागू नये म्हणून कॉलर उंच घेतली. स्वतःच्या आईला तो घालून रानात पाठवलं. आई म्हणाली, "लई बेस हाय. पण बटणं बारीक नको गं, बोटं चिकट असत्यात." तिनं बटणं बदलली. एवढं विचारपूर्वक काम माझ्या वर्गात मी पाहिलं नव्हतं.

पुण्याहून आलेले परीक्षक माझेच सर होते. मला कात्री धरायला त्यांनी शिकवलं, शिष्यवृत्तीसाठी माझ्याकरता खेटे घातले. ते येणार म्हणून मी खुशीत होते.

सरांनी शर्ट दोन बोटांत उचलला. "यात डिझाइन कुठंय?"

मुलगी सांगायला लागली. खिशापर्यंत पोचली तेवढ्यात ते म्हणाले, "बाळ, हे टेलर पण शिवेल. तुम्ही गावाकडच्या मुली ना? मग गावाचा रंग दिसू दे की! काठ, जर, काहीतरी चमक. जेवणानंतर परत बघतो. असाच असेल तर पास नाही करता येणार."

जेवताना मी त्यांच्याशी बोलले. "सर, कपडा अंगावर बघायचा असतो, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही तो कुणाच्या अंगावर बघितलाच नाही."

ते हसले. "अगं, तू शिकलीस एवढी, पण अजून पिंपळवंडीतच आहेस."

माझं गाव त्यांच्या तोंडून शिवीसारखं निघालं होतं. "हो सर, तिथंच आहे," मी म्हणाले. "आणि तुम्हाला गावाचा रंग पाहिजे होता, तो त्या शर्टातच आहे." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि ताक मागितलं.

मी वर्गात परतले तेव्हा मुलगी मशीनवर बसली होती. कपाटातली सोनेरी लेस काढून ती कॉलरला आणि बाह्यांना लावत होती.

"काढ ते," मी ओरडले. "मी भांडतेय ना त्यांच्याशी!"

तिनं पाय थांबवला नाही. "तुमी भांडा मॅडम. पण नापास मी व्हणार. घरचे परत फॉर्म भरू देणार न्हाईत."

मला सरांचा राग आला, तिचा आला आणि ती लेस कपाटात आणून ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांचाही आला.

सरांनी लेस बघितली आणि टाळी वाजवली. "आता कसा बोलतोय कपडा!" चिरेबद्दल त्यांनी विचारलं नाही, खिसा उघडून बघितला नाही. ती चांगल्या श्रेणीत पास झाली. निकालावर माझीही सही लागते. ती मी केली, कारण अडवली असती तर शिक्षा तिलाच झाली असती. निघताना दरवेळी मी सरांच्या पाया पडते. त्या दिवशी नुसती उभी राहिले.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मुलीनं लेस उसवायला घेतली. आईला सकाळी तोडणीला तो शर्ट हवा होता. लेस निघाली, तशी नीट गुंडाळून तिनं माझ्या हातात दिली. मी ती कचऱ्याच्या डब्यात फेकली.

तिनं वाकून ती बाहेर काढली, झटकली आणि कपाटात होती तिथं ठेवली.

"असं नका करू मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीच्या पोरींना लागंल."